पालवणकर बाळू

पालवणकर बाळू (१९ मार्च १८७६, धारवाड – ४ जुलै १९५५, मुंबई) हे भारतीय क्रिकेटपटू आणि राजकीय कार्यकर्ते होते. त्यांचे पूर्ण नाव बाळू बाबाजी पालवणकर असे होते. क्रिकेटच्या नोंदींत ते पी. बाळू या नावानेही आढळतात. डावखुऱ्या मंदगती फिरकी गोलंदाजीसाठी ते प्रसिद्ध होते आणि भारतातील पहिले थोर फिरकी गोलंदाज म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. १९११ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या पहिल्या अखिल भारतीय संघाचे ते सर्वांत यशस्वी गोलंदाज होते. त्या एका उन्हाळ्यात त्यांनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले.

त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या चांभार (चर्मकार) जातीत बाळू यांचा जन्म झाला. मैदानाची निगा राखणारे पगारी नोकर म्हणून त्यांनी क्रिकेटच्या जगात प्रवेश केला आणि केवळ गोलंदाजीच्या बळावर हिंदू संघात स्थान मिळवले. मात्र सुमारे दीड दशक संघाचे प्रमुख गोलंदाज असूनही त्यांना संघाचे कर्णधारपद कधीही देण्यात आले नाही. त्यामुळे त्यांचे चरित्र भारतीय क्रिकेटच्या इतिहासाइतकेच जातिव्यवस्थेविरुद्धच्या संघर्षाच्या इतिहासातही महत्त्वाचे मानले जाते.

प्रारंभिक जीवन

बाळू यांचा जन्म धारवाड येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे असून त्यावरूनच पालवणकर हे आडनाव आले. वडील लष्कराच्या सेवेत होते. त्यांच्या नोकरीविषयी दोन माहिती आढळतात. एका माहितीनुसार ते पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्यात काम करत, तर दुसऱ्या माहितीनुसार ते पायदळाच्या एका पलटणीत शिपाई होते. वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब पुण्यात स्थायिक झाले.

पुणे हे तेव्हा ब्रिटिश लष्कराचे मोठे ठाणे होते आणि छावणीत क्रिकेट नियमित खेळले जाई. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम खेळ शिकले. पुढे गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोन भाऊही नामांकित क्रिकेटपटू झाले. घरची परिस्थिती बेताची असल्याने बाळू यांना शाळा लवकर सोडावी लागली.

मैदानावरील नोकरी

बाळू यांची पहिली नोकरी पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात होती. खेळपट्टी झाडणे, तिच्यावर रूळ फिरवणे आणि अधूनमधून सभासदांना सरावासाठी चेंडू टाकणे या कामांचा त्यांना महिना तीन रुपये पगार मिळे. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात महिना चार रुपये पगारावर रुजू झाले. तेथे खेळपट्टी तयार करणे, सरावाची जाळी उभारणे, टेनिसची मैदाने आखणे अशी कामे त्यांच्याकडे होती.

क्लबातील ट्रॉस नावाच्या एका इंग्रज सभासदाने त्यांना प्रथम जाळ्यात गोलंदाजी करण्यास उत्तेजन दिले, असे सांगितले जाते. लवकरच क्लबाचे सर्वांत नावाजलेले फलंदाज कॅप्टन जे. जी. ग्रेग यांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले. ग्रेग हे इंग्लंडमध्ये हॅम्पशायर कौंटीकडून खेळलेले कसलेले फलंदाज होते. ते इतर सभासदांच्या आधी मैदानावर येत आणि बराच वेळ केवळ बाळू यांच्या गोलंदाजीवर सराव करत. बाळू यांनी आपल्याला बाद केले की दर वेळी ते आठ आणे बक्षीस देत, अशी आठवण नोंदवली गेली आहे. महिन्याच्या चार रुपये पगाराच्या तुलनेत ही रक्कम लहान नव्हती.

या सरावातूनच बाळू यांची गोलंदाजी घडली. एकाच टप्प्यावर तासन्‌तास चेंडू टाकण्याची शिस्त आणि उत्तम फलंदाजाच्या उणिवा हेरण्याची नजर त्यांना येथे मिळाली. मात्र त्या वर्षांत त्यांना फलंदाजीची संधी जवळजवळ मिळालीच नाही. फलंदाजी हा सभासदांचा मान होता आणि चेंडू टाकणे हे नोकराचे काम मानले जाई.

पूना हिंदू संघात प्रवेश

याच सुमारास पुण्यातील हिंदू क्लबाची युरोपियन संघाशी चुरस वाढली होती. ग्रेग यांना रोज अडचणीत आणणारा गोलंदाज आपल्या शहरात आहे, हे हिंदू संघाच्या चालकांना ठाऊक होते. पण त्याला संघात घ्यावे की नाही, यावर मतभेद झाले. संघात ब्राह्मण खेळाडूंची संख्या मोठी होती आणि अस्पृश्य मानलेल्या व्यक्तीबरोबर खेळण्यास काहींचा विरोध होता. बाळू यांच्यासारखा गोलंदाज बाहेर ठेवणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, असे मत ग्रेग यांनी जाहीरपणे व्यक्त केल्याचे सांगितले जाते. अखेर बाळू यांना संघात घेण्यात आले.

हा प्रवेश अटींसह होता. मैदानावर सर्व खेळाडू एकाच चेंडूला हात लावत, पण खेळ थांबला की भेद पुन्हा सुरू होई. चहाच्या वेळी इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून चहा घेत. बाळू यांना मात्र बाहेर, नंतर टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. त्यांचे जेवण वेगळ्या जागी आणि वेगळ्या भांड्यांत वाढले जाई. तोंड धुण्यासाठी पाणी हवे असल्यास ते अस्पृश्य मानलेल्या दुसऱ्या नोकराने आणून द्यावे लागे.

तरीही पुण्याच्या संघाने बाळू यांच्या गोलंदाजीच्या जोरावर अनेक विजय मिळवले. त्यांतील सातारा येथील युरोपियन संघाविरुद्धचा सामना विशेष गाजला. बाळू यांची फिरकी निष्प्रभ करण्यासाठी यजमानांनी खेळपट्टीवर कित्येक दिवस रूळ फिरवून ती कठीण केली होती, असे सांगितले जाते. तरीही बाळू यांनी सात बळी घेतले आणि सामना पुण्याच्या संघाने जिंकला. या विजयानंतर झालेल्या सत्कारात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी, ज्याच्याबरोबर खेळता येते त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत कसली, असा मुद्दा मांडून संघातील भेदभावावर टीका केल्याची नोंद चरित्रकारांनी केली आहे.

मुंबईतील कारकीर्द

१८९६ च्या सुमारास बाळू मुंबईला आले. काही काळ लष्करात नोकरी केल्यानंतर ते परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. येथेही त्यांच्या प्रवेशाला काही सभासदांचा विरोध होता, परंतु संघाचे कर्णधार कीर्तिकर यांनी त्यांच्यासाठी आग्रह धरला. पुढे बाळू बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरीला लागले आणि रेल्वेच्या संघाकडूनही खेळले. शिवरामही त्यांच्यापाठोपाठ मुंबईच्या क्रिकेटमध्ये पुढे आले.

त्या काळातील मुंबईचे क्रिकेट धर्मसमुदायांच्या आधारावर विभागलेले होते. पारशी आणि युरोपियन यांच्यातील प्रेसिडेन्सी सामने १८९२ पासून सुरू होते. १९०६ मध्ये हिंदूंचा युरोपियनांशी सामना ठरला. फेब्रुवारी महिन्यात मुंबईत झालेल्या या सामन्यात हिंदू संघाने २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियन संघ पहिल्या डावात १९१ धावांत बाद झाला. दुसऱ्या डावात त्यांना विजयासाठी २१२ धावांची गरज होती, परंतु ते १०२ धावांतच गारद झाले. हिंदू संघाने सामना १०९ धावांनी जिंकला. बाळू यांनी दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले.

वंगभंगविरोधी चळवळीच्या आणि स्वदेशीच्या त्या दिवसांत राज्यकर्त्यांच्या संघावर मिळालेल्या या विजयाला खेळापलीकडचे महत्त्व आले. समाजसुधारणेचा पुरस्कार करणाऱ्या वृत्तपत्रांनी त्यात आणखी एक गोष्ट पाहिली. जातीचे बंधन बाजूला ठेवून संघ निवडल्यामुळेच हा विजय मिळाला, असे त्यांनी निदर्शनास आणले. याच काळात जिमखान्यात बाळू आणि शिवराम यांना इतर खेळाडूंच्या पंक्तीला बसू देण्यात येऊ लागले. १९०७ मध्येही हिंदूंनी युरोपियनांवर विजय मिळवला. त्याच वर्षी पारशी, हिंदू आणि युरोपियन यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघ सहभागी झाल्यावर ती चौरंगी झाली.

१९११ चा इंग्लंड दौरा

१८८६ आणि १८८८ मध्ये पारशी संघ इंग्लंडला जाऊन आले होते. परंतु निरनिराळ्या समाजांतील खेळाडूंचा मिळून बनलेला पहिला भारतीय संघ १९११ मध्ये इंग्लंडला गेला. पतियाळाचे तरुण महाराजा भूपिंदर सिंग हे त्याचे कर्णधार होते. संघात बाळू आणि शिवराम या दोघा बंधूंची निवड झाली. बाळू तेव्हा ३५ वर्षांचे होते आणि गवताच्या ओलसर इंग्लिश खेळपट्ट्यांचा त्यांना अनुभव नव्हता.

दौऱ्याची सुरुवात वाईट झाली. महाराजांचे लक्ष पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहण समारंभाकडे आणि राजधानीतील गाठीभेटींकडे अधिक होते. लवकरच त्यांनी संघाबरोबर खेळणे थांबवले. त्यांच्या सेवेत असलेले उत्तम फलंदाज केकी मिस्त्री हेही त्यांच्याबरोबर गेल्याने फलंदाजी दुबळी झाली आणि पराभवांची रांग लागली. अशा स्थितीत गोलंदाजीचा जवळजवळ सारा भार बाळू यांच्यावर पडला. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ बळी घेतले. प्रथम श्रेणी सामन्यांतील त्यांची ही सर्वोत्तम कामगिरी ठरली.

लीस्टरशायर कौंटीविरुद्ध बाळू यांनी सामन्यात ११ बळी घेतले आणि भारतीय संघाने दौऱ्यातील पहिला मोठा विजय मिळवला. त्यानंतर सॉमरसेटविरुद्धचा अटीतटीचा सामना संघाने एका गड्याने जिंकला. त्यात शिवराम यांनी नाबाद ११३ धावा केल्या. अशा रीतीने कौंटी संघांवरील दोन्ही विजयांत पालवणकर बंधूंचा मोठा वाटा होता.

दौऱ्यातील २३ सामन्यांपैकी संघाने ६ जिंकले, १५ गमावले आणि २ अनिर्णित राहिले. बाळू यांनी सर्व सामन्यांत मिळून १८.८४ च्या सरासरीने ११४ बळी घेतले. त्यांपैकी ७५ बळी प्रथम श्रेणी सामन्यांतील होते. सतत हरणाऱ्या संघाकडून, परक्या हवामानात आणि पहिल्याच दौऱ्यात मिळवलेले हे यश असामान्य मानले जाते. इंग्लंडमधील जाणकारांनी त्यांची प्रशंसा केली आणि त्यांची गणना जगातील चांगल्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांत होऊ लागली.

मायदेशी परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने बाळू यांचा जाहीर सत्कार केला. या प्रसंगीचे मानपत्र त्या वेळी महाविद्यालयात शिकत असलेल्या भीमराव आंबेडकर यांनी तयार केले होते, असे चरित्रकार नोंदवतात. आंबेडकरांच्या पिढीतील दलित तरुणांसाठी बाळू हे आदर्श होते. जन्माने लादलेली मर्यादा कर्तृत्वाने ओलांडता येते, याचे ते सर्वांना दिसणारे उदाहरण होते.

कर्णधारपदाचा प्रश्न

१९१३ मध्ये बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल असे चारही बंधू हिंदू संघाकडून खेळले. एकाच घरातील चार भावांनी एकाच वेळी प्रथम श्रेणी संघात खेळण्याचा असा प्रसंग विरळाच आहे. अनुभव आणि कामगिरी या दोन्ही दृष्टींनी बाळू संघात ज्येष्ठ होते. तरीही कर्णधारपद उच्चवर्णीय खेळाडूंकडेच राहिले. त्या वर्षी कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी आपल्या सत्काराच्या वेळी, हा मान ज्येष्ठत्वाने बाळू यांना मिळावयास हवा होता, असे मोकळेपणाने सांगितले. पुढील काही वर्षे हीच मागणी वेळोवेळी होत राहिली, पण निवड समितीने ती मान्य केली नाही.

१९२० मध्ये हा वाद उघडपणे पेटला. चौरंगी स्पर्धेच्या वेळी पै आजारी होते. निवड समितीने बाळू यांना संघातून वगळले आणि पालवणकर बंधूंचा दावा डावलून पुण्याचे दि. ब. देवधर यांना कर्णधार नेमले. विठ्ठल तोपर्यंत संघाचे अग्रगण्य फलंदाज झाले होते आणि कर्णधारपदावर त्यांचा हक्क आहे, असे अनेकांचे मत होते. जातीमुळे अन्याय झाल्याचे जाहीर निवेदन काढून विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली. अस्पृश्यतानिवारणाचा प्रश्न तेव्हा राष्ट्रीय चळवळीच्या कार्यक्रमात येत होता. त्यामुळे या निषेधाला वृत्तपत्रांत आणि लोकांत मोठा पाठिंबा मिळाला.

अखेरीस तडजोड झाली. पै बरे होऊन कर्णधार म्हणून परतले, बाळू यांना संघात घेऊन उपकर्णधार करण्यात आले आणि दोघे बंधूही खेळण्यास तयार झाले. सामना सुरू असताना पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि त्या अवधीत बाळू यांनी संघाचे नेतृत्व केले. हिंदू संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले ते एवढेच. त्यानंतर त्यांची प्रथम श्रेणी कारकीर्द संपुष्टात आली.

१९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने १९२३, १९२५ आणि १९२६ मध्ये चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाला नाकारलेला मान अशा रीतीने धाकट्या भावाला मिळाला.

खेळाची शैली

बाळू हे पारंपरिक पद्धतीचे डावखुरे मंदगती गोलंदाज होते. त्यांचा मुख्य चेंडू उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजापासून दूर वळत असे, पण चेंडू दोन्ही बाजूंना वळवण्याचे कौशल्य त्यांच्याकडे होते. चेंडूची गती आणि उंची बदलणे, टप्पा अचूक राखणे आणि न थकता दीर्घकाळ गोलंदाजी करणे ही त्यांची वैशिष्ट्ये होती. समकालीन जाणकार त्यांची तुलना इंग्लंडचे प्रसिद्ध डावखुरे गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी करत.

बाळू यांनी १९०५-०६ ते १९२०-२१ या काळात ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी घेतले. एका डावात पाच किंवा अधिक बळी त्यांनी १७ वेळा, तर एका सामन्यात दहा किंवा अधिक बळी ४ वेळा घेतले. फलंदाजीत त्यांनी ७५३ धावा केल्या. ७५ ही त्यांची सर्वोच्च धावसंख्या होती. पुणे व मुंबई येथील सुरुवातीच्या वर्षांतील बहुतेक सामने प्रथम श्रेणीचे नसल्याने ती कामगिरी या आकड्यांत येत नाही. भारताने पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये लॉर्ड्स मैदानावर खेळला. तेव्हा बाळू ५६ वर्षांचे होते. त्यामुळे कसोटी खेळाडूंच्या यादीत त्यांचे नाव नाही.

राजकीय जीवन

निवृत्तीनंतर बाळू सार्वजनिक जीवनात उतरले. गांधीजींच्या अस्पृश्यतानिवारण कार्याचे ते समर्थक होते. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केलेल्या जातीय निवाड्याने दलितांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. आंबेडकरांनी या मागणीसाठी दीर्घकाळ प्रयत्न केले होते. बाळू यांचा कल मात्र एम. सी. राजा यांच्याप्रमाणे राखीव जागांसह संयुक्त मतदारसंघांकडे होता. निवाड्याविरुद्ध गांधीजींनी २० सप्टेंबरपासून येरवडा तुरुंगात उपोषण आरंभल्यावर बाळू आणि राजा यांनी आंबेडकरांची भेट घेऊन तडजोडीसाठी प्रयत्न केले. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. या करारावर सह्या करणाऱ्यांत बाळू यांचाही समावेश आहे. ज्या शहरात त्यांनी खेळपट्टीवर रूळ फिरवण्याची नोकरी केली होती, तेथेच दलितांच्या राजकीय हक्कांविषयीच्या करारावर त्यांच्या नावाची मोहोर उमटली.

१९३३ मध्ये त्यांनी हिंदू महासभेच्या वतीने मुंबई महापालिकेची निवडणूक लढवली, पण त्यांना यश आले नाही. १९३७ च्या मुंबई प्रांतिक विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना भायखळा-परळ भागातील राखीव जागेवर उमेदवारी दिली. त्यांच्याविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्षाचे संस्थापक स्वतः आंबेडकर उभे होते. एकेकाळी ज्यांच्या सत्काराचे मानपत्र लिहिले, त्यांच्याशीच आंबेडकरांचा हा निवडणुकीतील सामना होता. आंबेडकरांना १३,२४५, तर बाळू यांना ११,२२५ मते मिळाली.

निधन व वारसा

बाळू यांचे ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत निधन झाले. सांताक्रूझ येथे झालेल्या अंत्यसंस्कारांस क्रिकेटपटूंबरोबरच दलित समाजातील नेतेही उपस्थित होते.

निधनानंतर बराच काळ बाळू यांचे नाव क्रिकेटच्या चर्चेतून मागे पडले. ते कसोटी सामने खेळले नाहीत आणि त्यांच्या उमेदीच्या काळातील अनेक सामन्यांचे तपशील सहज उपलब्ध नव्हते, ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. विठ्ठल पालवणकर यांनी मराठीत लिहिलेले आत्मकथन या घराण्याच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी २००२ मध्ये प्रकाशित झालेल्या भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासात बाळू यांना मध्यवर्ती स्थान दिले. त्यानंतर त्यांच्या जीवनाविषयी नव्याने कुतूहल निर्माण झाले. लगान (२००१) या हिंदी चित्रपटातील कचरा या अस्पृश्य फिरकी गोलंदाजाच्या पात्राची तुलनाही अनेकदा बाळू यांच्याशी केली जाते.

भारतीय क्रिकेटमधील डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांची परंपरा सांगताना तिचा आरंभ बाळू यांच्यापासून केला जातो. चहाच्या वेगळ्या भांड्यापासून इतरांबरोबरच्या पंक्तीपर्यंत आणि उपकर्णधारपदापासून विठ्ठल यांच्या कर्णधारपदापर्यंत झालेला प्रत्येक बदल मैदानावरील विजयांमागून आणि उघड निषेधानंतरच घडून आला.